सरकार प्रतिकूल असताना लैंगिकता शिक्षण: संस्थांनी काम कसं टिकवावं

लैंगिकता शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेला सरकारी विरोध बहुतेक वेळा तोंडीच कळतो. मुख्याध्यापकांना वरून फोन येतो, ते 'तूर्त थांबा' म्हणतात आणि ठरलेले तास रद्द होतात. लेखी कागद कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. पुढे कधी चौकशी केली, तर बंदी नेमकी कशावर आहे हे कार्यालयातल्या माणसालाही सांगता येत नाही.

पुढची पद्धत अशा परिस्थितीत अडकलेल्या संस्थांसाठी आहे. नाव, जागा, क्रम, शिकवणारी व्यक्ती यांत हवी तेवढी तडजोड करा. मुलांना मिळायलाच हवी अशी माहिती मात्र गाळू नका. आणि यातलं काहीही लपवून करू नका, कारण लपवलेला कार्यक्रम एका तक्रारीत बंद पडतो.

मनाई कशावर आहे ते आधी वाचा

पहिलं काम म्हणजे आदेशाची प्रत मिळवणं: परिपत्रक, शासन निर्णय किंवा कायद्याचं कलम, जे असेल ते. तोंडी सूचना असेल तर दोन ओळींचं पत्र द्या: 'अमुक तारखेला आपण कार्यक्रम थांबवण्यास सांगितलं, त्यामागील लेखी आदेशाची प्रत मिळावी.' माहिती अधिकाराचा कायदा असेल तिथे तसा अर्ज करा. आदेशच निघालेला नाही असं पुष्कळदा यातूनच उघड होतं.

प्रत मिळाली की एका कागदाच्या डाव्या बाजूला आदेशातले शब्द जसेच्या तसे उतरवा आणि उजव्या बाजूला आपल्या कार्यक्रमातला एकेक तास लिहा. कुठला तास कुठल्या शब्दाखाली अडतो, ते रेघ ओढून जोडा. पाच प्रकारची बंधनं दिसतील: विषयावर संपूर्ण बंदी, ठरावीक मुद्द्यांवर बंदी, कोणी शिकवावं यावर बंधन, पालकांच्या लेखी संमतीची अट आणि निधीची अट. प्रत्येकाला उत्तर वेगळं आहे. हंगेरीच्या 2021 च्या कायद्याने अल्पवयीनांपुढे समलैंगिकता मांडण्यावर बंधन घातलंच, शिवाय लैंगिकतेवर बोलायला शाळेत येणाऱ्या बाहेरच्या व्यक्ती आणि संस्थांना सरकारी नोंदणी सक्तीची केली. अशा ठिकाणी बाहेरच्या संस्थेचं दार बंद होतं, पण शाळेतल्या शिक्षकाला प्रशिक्षण देण्याचा विचार करता येतो. त्यासाठीही आधी कलम वाचायलाच हवं.

दार कोणत्या खात्याने बंद केलं हेही पाहा. भारतात 2005 च्या सुमारास केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. 2007 मध्ये महाराष्ट्र, मध्य प्रदेश, कर्नाटक, गुजरात अशा अनेक राज्यांनी तो थांबवला. गदारोळ मुख्यतः शिक्षकांसाठीच्या साहित्यातल्या शरीराच्या चित्रांवरून झाला. थांबवणारी सरकारं एकाच पक्षाची नव्हती, हे विसरू नका. 2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत हे शिक्षण नको असाच सूर लावला. तरी मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 43 ने कायद्याबद्दल मुलं, पालक आणि जनतेत जागृती करण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारांवर टाकली. 2014 मध्ये आरोग्य खात्याचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. 2020 च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत करायचं ठरलं. म्हणजे शिक्षण खात्यात अडलेला विषय बालसंरक्षण आणि आरोग्य या दोन वाटांनी परत आला. आपल्या देशात या दोन खात्यांचे चालू कार्यक्रम कोणते आहेत त्याची यादी पहिल्या आठवड्यातच करा.

काय सोडायचं आणि काय नाही

ही यादी शांत काळात करून ठेवावी. दबाव आल्यावर बसलात तर समोरचा जे मागेल ते सोडून द्याल.

युनेस्कोच्या 2018 च्या सुधारित मार्गदर्शिकेत आठ मुख्य संकल्पना आहेत: नातेसंबंध; मूल्यं, हक्क आणि संस्कृती; लिंगभावाची समज; हिंसा आणि सुरक्षितता; आरोग्यासाठीची कौशल्यं; शरीर आणि वाढ; लैंगिकता आणि लैंगिक वर्तन; लैंगिक आणि प्रजनन आरोग्य. वयोगट चार आहेत: 5 ते 8, 9 ते 12, 12 ते 15 आणि 15 ते 18 किंवा पुढे. या आठांवर आपला प्रत्येक तास टाकून पाहा आणि तीन रकाने करा.

पहिल्या रकान्यात जे गाळलं तर मुलाला इजा होऊ शकते ते: शरीराच्या अवयवांची खरी नावं, पाळी आणि स्वप्नदोष येण्याआधी त्यांची माहिती, संमती, अत्याचार ओळखणं आणि कोणाला सांगायचं ते, गर्भधारणा कशी होते आणि कशी टाळता येते, लैंगिक संसर्ग, आणि वेगळ्या वाटणाऱ्या मुलांची टिंगल होऊ न देणं. दुसऱ्या रकान्यात जे शाळेबाहेर हलवता येईल ते. गर्भनिरोधकांचं प्रात्यक्षिक वर्गाऐवजी आरोग्य केंद्रात होऊ शकतं. तिसऱ्यात जे वर्षभर थांबू शकतं ते.

नावासाठी अडून बसू नये. पाकिस्तानात 'जीवनकौशल्य शिक्षण' या नावाखाली आहंगसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षं काम केलं. धोका पुढच्या पायरीवर असतो. नायजेरियात 2001 मध्ये मंजूर झालेला राष्ट्रीय लैंगिकता शिक्षण अभ्यासक्रम विरोधानंतर 'कौटुंबिक जीवन आणि एचआयव्ही शिक्षण' झाला, आणि नावापाठोपाठ गर्भनिरोधनासारखे विषयही गळले. म्हणून नाव बदलायच्या बैठकीला जाताना पहिला रकाना छापून न्या, आणि तो अबाधित राहील असं इतिवृत्तात लिहून घ्या.

पालकसभा: सगळ्यात जास्त वेळ इथे घाला

विरोध करणारे सगळे एका प्रकारचे नसतात. थोडे संघटित आणि ठाम विरोधक असतात. त्यांचं मत बदलण्यात वेळ घालवू नका. त्यांच्याहून कितीतरी अधिक पालक नुसते धास्तावलेले असतात. मुलांना वर्गात काय दाखवणार हे त्यांना ठाऊक नसतं, आणि त्यांच्यापर्यंत आधी विरोधकांचं पत्रक पोहोचतं. सभा या पालकांसाठी आहे.

पहिल्या तासाच्या किमान दोन आठवडे आधी सभा घ्या. वेळ दीड तास, पालक 25 ते 35. जास्त असतील तर दोन सभा घ्या; शंभर जणांच्या सभेत आवाज मोठा असलेले दोघंच बोलतात. वडील यावेत म्हणून वेळ संध्याकाळची किंवा सुट्टीच्या दिवशीची ठेवा. फक्त आयांची सभा झाली, तर पुढे तक्रार घेऊन येणारे बहुधा घरचे पुरुष असतात आणि त्यांनी काहीच पाहिलेलं नसतं.

सभेच्या खोलीत दाराजवळ एक लांब टेबल लावा. त्यावर प्रत्येक इयत्तेचं साहित्य पूर्ण ठेवा: शिक्षकाची पुस्तिका, मुलांच्या हातात जाणारी पानं, तक्ते, चित्रफीत असेल तर ती चालू केलेला एक संगणक. निवडक पानं ठेवू नका. प्रत्येक पानावर क्रमांक हवा आणि शेजारी कोऱ्या कागदांचा गठ्ठा: 'पान क्रमांक, हरकत, सुचवणी' असे तीन रकाने आखलेले. पालक येतील तसे त्यांना आधी वीस मिनिटं हे चाळू द्या, मग बसवा. ज्याला हरकत आहे तो पान दाखवून बोलतो, तेव्हा चर्चा त्या पानाची होते. संस्कृती बुडाल्याची होत नाही. आलेल्या प्रत्येक हरकतीला आठवड्यात लेखी उत्तर जायला हवं, 'बदल केला' किंवा 'केला नाही, कारण असं'.

त्यानंतरची पंधरा मिनिटं मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना द्या. त्याच वयाच्या, पण दुसऱ्या शाळेतल्या मुलांच्या निनावी चिठ्ठ्यांतले दहा प्रश्न मोठ्याने वाचा. पाळीचं रक्त का येतं, छाती दुखते ती कसल्या आजाराने, मोबाईलवर कुणी उघडा फोटो मागतो तर काय करू. आपली मुलं काय विचारताहेत हे ऐकल्यावर सभेचा सूर जितका बदलतो, तितका कुठल्याही आकडेवारीने बदलत नाही. शरीराचा तक्ता मात्र पहिल्यांदाच पडद्यावर लावू नका. आधी सुरक्षितता, मग पाळी आणि वयात येणं, मग बाकीचं, या क्रमाने चला.

पुढची पंधरा मिनिटं नमुन्याचा एक तास पालकांवरच घ्या. मग प्रश्न. एक प्रश्न हमखास येतो: 'हे शिकवलं तर मुलं लवकर वाहवत जाणार नाहीत का?' उत्तर थोडक्यात आणि खरं द्या. युनेस्कोने एकत्र केलेल्या अनेक देशांतल्या अभ्यासांत असं शिक्षण घेतलेल्या मुलांनी लैंगिक संबंध लवकर सुरू केल्याचं दिसलं नाही. काही कार्यक्रमांमुळे ते उलट लांबल्याचं दिसलं. अमेरिकेत लग्नापर्यंत संयम एवढंच शिकवणाऱ्या कार्यक्रमांवर 1996 च्या कायद्याने दरवर्षी 5 कोटी डॉलर दिले गेले. 2007 मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या मूल्यमापनात, ते शिक्षण घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या संयमात फरक आढळला नाही. यापलीकडे वाढवून सांगू नका. 'आमच्या शिक्षणामुळे अत्याचार थांबतील' असलं आश्वासन दिलं की पुढच्या घटनेला तुम्ही उत्तरदायी.

शेवटी संमतीपत्र. नियमाने 'नको असेल तर कळवा' चालत असेल तर तेच वापरा, कारण लेखी होकाराची अट असली की कागद परत न आणलेली मुलंही वर्गाबाहेर राहतात. होकार सक्तीचाच असेल तर फॉर्म सभेतच भरून घ्या. दप्तरातून पाठवलेले बरेचसे फॉर्म परत येत नाहीत. ज्या पालकांना नको आहे त्यांच्या मुलासाठी त्या वेळेत दुसरं काम ठरवून ठेवा, म्हणजे ते मूल व्हरांड्यात एकटं बसणार नाही.

वर्गातला तास

एखाद-दुसऱ्या भाषणाने काही साधत नाही. परिणाम दिसलेल्या कार्यक्रमांत साधारण बारा किंवा अधिक तास असतात. वर्गात तीसच्या आसपास मुलं आणि दोन प्रशिक्षक हवेत. एक बोलतो तेव्हा दुसरा मुलांचे चेहरे पाहतो आणि नोंद घेतो. शाळेचा एक शिक्षक मागे बसलेला असू द्या. उद्या 'यांनी वर्गात अमुक सांगितलं' अशी तक्रार आली तर साक्षीदार लागतो. तासात कुणाचाही फोन चालू नको. चाळीस मिनिटांतली नऊ सेकंदं कापून पसरवली जाऊ शकतात, आणि आवाजात मुलं ओळखू येतात.

प्रश्नपेटीची पद्धत नीट पाळा. सगळ्यांना सारख्या आकाराचा कागद आणि सारखी पेन्सिल. प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर आवडीच्या खेळाचं नाव. नाहीतर लिहिणारी चारच मुलं सगळ्यांना दिसतात. पेटी त्याच तासात उघडू नका. घरी नेऊन चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे करा: माहितीचे प्रश्न, मूल्यांचे प्रश्न, प्रशिक्षकाच्या खासगी आयुष्याबद्दलचे आणि धोक्याची खूण असलेले. माहितीच्या प्रश्नाला सरळ उत्तर. मूल्याच्या प्रश्नाला: 'याबद्दल घरोघरी वेगळी मतं असतात. काही लोक असं मानतात, काही तसं. तुझ्या घरच्या मोठ्यांनाही विचार.' खासगी प्रश्नाला नम्र नकार. बऱ्याचशा तक्रारी प्रशिक्षकाने मूल्याच्या प्रश्नावर स्वतःचं मत दिल्यामुळे उभ्या राहतात. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 1976 च्या डेन्मार्कविरुद्धच्या खटल्यात सक्तीचं लैंगिक शिक्षण योग्य ठरवलं, ते माहिती वस्तुनिष्ठ, चिकित्सक आणि अनेक मतांना जागा देणारी असावी याच अटीवर.

धोक्याची खूण असलेली चिठ्ठी म्हणजे वेगळंच काम. कार्यक्रम सुरू होण्याआधी एक पानी कार्यपद्धती ठरवा: मूल बोललं तर कोण ऐकेल, किती तासांत कोणाला कळवेल, मुलासोबत कोण राहील. भारतात पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं कलम 21 खाली गुन्हा आहे. म्हणून 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला कधीही देऊ नका. 'तुला मदत करायची तर मला एक-दोन माणसांना सांगावं लागेल, ते कोण हे मी तुला आधी सांगेन' असं म्हणा. खोदून खोदून विचारू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह लिहून ठेवा.

शाळेचं दार बंदच झालं तर

काम शाळेभोवती हलवा. शिक्षक होऊ घातलेल्यांची महाविद्यालयं, आरोग्य केंद्रांतले सल्ला-कक्ष, वाचनालयं, खेळाचे संघ आणि पालकांसाठी 'मुलांशी कसं बोलावं' हा चार बैठकांचा वर्ग. यांपैकी मला सगळ्यात भरवशाचा पालकवर्ग वाटतो. पालकांना शिकवण्यावर बंदी घालणं कुठल्याही सरकारला अवघड जातं, आणि तयार झालेले पालक पुढे शाळेतही बोलतात.

पोलंडमध्ये पोंटोन हा स्वयंसेवकांचा गट उन्हाळ्याच्या सुट्टीत तरुणांसाठी फोनसेवा चालवत आला आहे. फोनसेवा सुरू करायची तर प्रशिक्षित माणसं, ठरलेले तास आणि उत्तरांची तपासलेली वही या तीन गोष्टी हव्यात. नोंदीत फक्त वय, विषय आणि दिलेला सल्ला लिहा. नाव, नंबर, शाळा लिहू नका; जी माहिती तुमच्याकडे नाही ती कुणी जप्त करू शकत नाही.

हल्ला झाला तर पहिले दोन दिवस

एक फाईल आधीच तयार हवी: परवानग्या, संमतीपत्रांची संख्या, पालकसभांची इतिवृत्तं, संपूर्ण साहित्य, प्रशिक्षकांची पात्रता आणि चारित्र्य पडताळणी. बोलणारी माणसं दोनच, आणि त्यांतला एक पालक असेल तर उत्तम. पहिल्या दिवशी शाळा, खातं आणि संस्थेला पाठिंबा देणाऱ्या पालकांना स्वतः फोन करा. त्यांना बातमीतून कळू देऊ नका. दुसऱ्या दिवशी एक पानी निवेदन द्या आणि आक्षेपाचं पान पूर्ण संदर्भासह समोर ठेवा. आरोपाचे शब्द निवेदनात पुन्हा छापू नका, त्याने तेच लक्षात राहतात. समाजमाध्यमांवर प्रत्येक टीकाकाराला उत्तर देत बसू नका. पाकिस्तानात विरोध उसळल्यावर संस्थांनी पत्रकारांना आणि धार्मिक नेत्यांना साहित्य दाखवलं, पत्रकारांना शाळेत नेऊन वर्गातलं काम पाहू दिलं. ही वाट वेळखाऊ आहे, पण अफवेपेक्षा पाहिलेलं जास्त टिकतं.

प्रशिक्षकांच्या सुरक्षेचा विचार याच वेळी करा. पोलंडच्या संसदेत 2019 मध्ये आलेल्या नागरिकांच्या विधेयकात अशा शिक्षणासाठी तुरुंगवासाची तरतूद होती. असं विधेयक मंजूर न होताही शिक्षक घाबरून विषय टाळू लागतात. आपल्या प्रत्येक प्रशिक्षकाला वकिलाचा नंबर, संस्थेचं लेखी नियुक्तिपत्र आणि 'मला हा तास घ्यायचा नाही' असं म्हणण्याची मोकळीक द्या.

पैसा आणि न्यायालय

निधीची अट ही बंदीइतकीच परिणामकारक असते. अमेरिकेतल्या त्या संयम-निधीला कॅलिफोर्नियाने सुरुवातीपासून नकार दिला, आणि 2009 पर्यंत जवळपास निम्म्या राज्यांनी तो नाकारला होता. 2025 मध्ये उलट झालं: केंद्राने लिंगभावाबद्दलचा मजकूर काढायला सांगितला, कॅलिफोर्नियाने तो काढला नाही आणि तिचा लैंगिकता शिक्षणाचा दुसरा केंद्रीय निधी बंद झाला. भारतात परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. म्हणून एकाच देणगीदाराचा वाटा एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा वाढू देऊ नका, आणि सहा महिन्यांचे पगार निघतील एवढी शिल्लक बाजूला ठेवा. पहिल्या रकान्यातले विषय छोट्या स्थानिक देणग्यांवर चालतील असं बघा, म्हणजे मोठा देणगीदार गेला तरी ते थांबणार नाहीत.

न्यायालयात जायचं तर कागदांवर जावं लागतं. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये नोवो गामा या नगरपालिकेचा, शाळेत लिंगभावाच्या चर्चेला मनाई करणारा कायदा रद्द केला. युगांडात 2016 मध्ये या शिक्षणावर बंदी आली, 2018 मध्ये सरकारने त्यासाठी स्वतःची चौकट जाहीर केली, आणि 2021 मध्ये उच्च न्यायालयाने सर्वंकष लैंगिकता शिक्षणाचं धोरण तयार करण्याचा आदेश दिला. निकाल लागला तरी वर्गात तास सुरू व्हायला वर्षं जातात. त्यामुळे खटला चालू असताना बाकीची कामं थांबवू नका, आणि खटला लढवणारी संस्था वेगळी ठेवता आली तर ठेवा. वर्गात जाणाऱ्या संस्थेवर खटल्याचा राग निघतो.

सरकार अनुकूल झालं तरी पालकसभा बंद करू नका. पोलंडमध्ये सरकार बदलल्यावर, लैंगिकता हा ज्याचा एक भाग आहे ते आरोग्य शिक्षण सक्तीचं करायचं ठरलं होतं. चर्च आणि विरोधकांच्या दबावामुळे सप्टेंबर 2025 पासून ते आलं ते ऐच्छिक विषय म्हणून. विषय ऐच्छिक झाला की मूल त्या तासाला बसणार की नाही हे पालक ठरवतात. तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच सभांच्या तारखा शाळेच्या दिनदर्शिकेत घालून घ्या, आणि टेबलावर या वर्षीचं साहित्य पूर्ण ठेवा.